काचपट्टीवरचा साध्यासाध्यविचार

रोग कोणता हे एकदा कळले, की रोग्याच्या घरची माणसे वैद्याला जो दुसरा प्रश्न विचारतात, तोच त्यांच्या लेखी पहिला असतो : यातून माणूस उठेल ना? आपल्या प्राचीन वैद्यकाने या प्रश्नाला साध्यासाध्यविचार असे नाव दिले होते. चरकसंहितेत व्याधींचे सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि ज्यांवर उपायच नाही असे, चार वर्ग केलेले आहेत. आणि इंद्रियस्थान म्हणून एक अख्खे स्थान मरणसूचक चिन्हांच्या विचाराला वाहिलेले आहे. असाध्य रोग अंगावर घेणाऱ्या वैद्याची विद्या, यश आणि अर्थ या तिहींची हानी होते, असेही तेथे बजावले आहे. यातील व्यवहारीपणा कोणाला खटकेल. आम्हांला मात्र तो प्रामाणिक वाटतो. कारण भाकीत चुकले तर त्याची किंमत कोणाला तरी मोजावी लागतेच, आणि ती बहुधा रोग्याला मोजावी लागते.

हा विचार सगळ्या रोगांना धरून करू लागलो तर एक संध्याकाळ पुरणार नाही. म्हणून एकच रोग घेऊ : मोठ्या आतड्याचा व गुदाशयाचा कर्करोग. जगभर २०२२ साली या रोगाचे सुमारे १९ लाख नवे रोगी नोंदले गेले आणि सुमारे ९ लाख माणसे त्याने दगावली. कर्करोगाच्या बळींत फुफ्फुसाच्या खालोखाल याचाच क्रमांक लागतो. हा रोग घेण्याचे आणखी एक कारण आहे. त्याच्या भाकिताचा इतिहास जसा सलग सांगता येतो, तसा फार थोड्या रोगांचा सांगता येतो. आणि त्या इतिहासाच्या ताज्या प्रकरणात माणसाच्या जागी यंत्र येऊन बसू पाहत आहे.

पॅथॉलॉजी म्हटले, की आपल्यापुढे बाजारपेठेतल्या माडीवरची, रक्त-लघवी तपासून देणारी खोली उभी राहते. पण विकृतिशास्त्राचा गाभा निराळाच आहे. शल्यवैद्याने कापून काढलेला आतड्याचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये भिजवतात, त्यातले निवडक भाग मेणाच्या ठोकळ्यात बसवतात, आणि त्या ठोकळ्याचे, केसापेक्षाही कितीतरी पातळ असे काप काढून ते काचपट्टीवर चढवतात. नुसता काप काचेसारखाच पारदर्शक; त्यात काही दिसत नाही. म्हणून दोन रंग देतात. एक हिमॅटॉक्सिलिन, हा मध्य अमेरिकेकडच्या एका झाडाच्या गाभ्यातून निघतो, आणि पेशींची केंद्रे निळी-जांभळी करतो. दुसरा इओसिन, तो बाकीचे सारे गुलाबी करतो. ही जोडी १८७६ च्या सुमारास जमली. त्यानंतर विमान आले, अणुबाँब आला, माणूस चंद्रावर जाऊन आला. परंतु जगातल्या बहुतेक कर्करोगांचे निदान आजही याच दोन रंगांवर होते. संगणकाला जे चित्र दाखवावयाचे, तेही याच दोन रंगांचे. ही गोष्ट पुढे उपयोगी पडेल.

आता लंडनला जाऊ. १९०८ साली अर्नेस्ट माइल्स या शल्यवैद्याने गुदाशयाच्या कर्करोगावर पोट आणि बैठक या दोन्ही बाजूंनी करावयाची मोठी शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. गाठच तेवढी काढून भागत नाही, तिच्यातून रस वाहून नेणाऱ्या लसिकाग्रंथीही काढल्या पाहिजेत, हा त्यांचा सिद्धान्त. या शस्त्रक्रियेमुळे विकृतिशास्त्रज्ञाच्या मेजावर प्रथमच संपूर्ण ऐवज येऊन पडू लागला : गाठ, आतड्याची भिंत, भोवतालची चरबी आणि चरबीत दडलेल्या ग्रंथी. सेंट मार्क्स या गुदविकारांच्या खास रुग्णालयात १९२२ साली कथबर्ट ड्यूक्स हे विकृतिशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले, तेव्हा त्यांच्यापुढे हा ऐवज होता. त्यांनी केले ते वरवर पाहता कारकुनी काम होते. चरबीतून एकेक ग्रंथी सोडवून काढावयाची, ती कोठे सापडली हे आकृतीवर टिपावयाचे, तिच्यात कर्करोग आहे की नाही हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचे. आणि मग, या साऱ्याहून अवघड म्हणजे, तो रोगी पुढे किती वर्षे जगला हे विचारीत राहावयाचे.

१९३२ साली ड्यूक्स यांनी आपली वर्गवारी प्रसिद्ध केली. ती इतकी सोपी आहे की आपण ती येथे बसल्या बसल्या पाठ करू शकू. गाठ आतड्याच्या भिंतीच्या आतच असेल तर ए. भिंत फोडून बाहेरच्या ऊतकात शिरली, पण ग्रंथी मोकळ्या असतील, तर बी. ग्रंथींत शिरली असेल तर सी. एवढेच. पुढे १९५८ साली त्यांनी व त्यांचे सहकारी बसी यांनी दीर्घकाळच्या नोंदींवरून आकडे दिले. अन्य कारणांचे मृत्यू वजा घालून पाच वर्षे जगणारे, ए वर्गात शेकडा ९८ च्या जवळ, बी मध्ये ७८ च्या जवळ, सी मध्ये अवघे ३२. तीन अक्षरे आणि तीन आकडे! रोग्याच्या मुलाने विचारलेल्या प्रश्नाला मोजून दिलेले असे उत्तर त्यापूर्वी वैद्याजवळ नव्हते. ड्यूक्स यांचे मोठेपण सूक्ष्मदर्शकात नव्हते. तो तर सगळ्यांजवळ होता. ते त्यांच्या नोंदवहीत होते, असे आमचे मत आहे.

सोपी गोष्ट सोपी राहू देणे हे मात्र विद्वानांच्या हातून क्वचितच घडते. १९३५ साली खुद्द सेंट मार्क्समध्येच सी चे दोन भाग झाले. १९५४ साली अमेरिकेत अ‍ॅस्टलर व कॉलर यांनी तीच अक्षरे घेतली, पण निराळ्या अर्थाने. ड्यूक्स ज्याला ए म्हणत, त्यातले काही त्यांच्या हिशेबी बी झाले. १९६७ साली दूरच्या अवयवांत पसरलेल्या रोगाकरिता डी हे अक्षर आले, आणि ते ड्यूक्स यांचे नसतानाही त्यांच्याच नावावर खपू लागले. अखेर पिएर दनुआ या फ्रेंच शल्यवैद्याने १९४३ पासून जुळवत आणलेली, गाठ-ग्रंथी-प्रसार अशा तीन खुणांची पद्धत सर्वत्र रूढ झाली, आणि आज आपल्या हाती पडणाऱ्या अहवालात टी, एन, एम या अक्षरांपुढे जे आकडे असतात, ते तिचेच. ड्यूक्स यांचा बी तेथे दुसरा टप्पा झाला, सी तिसरा.

हा दुसरा टप्पा म्हणजेच या साऱ्या कथेतला अडलेला गाडा. तिसऱ्या टप्प्यातल्या रोग्याला शस्त्रक्रियेनंतर औषधोपचार, म्हणजे किमोथेरपी, द्यावी हे १९९० च्या सुमारास ठरून गेले. पहिल्या टप्प्याला ती नको. दुसऱ्याचे काय? ब्रिटनमध्ये क्वासर नावाच्या प्रयोगात ३,२३९ रोग्यांची, बहुतेक दुसऱ्या टप्प्यातल्यांची, चिठ्ठ्या टाकून विभागणी केली. काहींना किमोथेरपी दिली, काहींवर नुसते लक्ष ठेवले. २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. औषधाविना पाच वर्षांत शंभरातले वीस दगावतील असे धरले, तर औषधाने त्यांतले तीन-चार वाचतात. याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. शंभर जणांना महिनोन् महिने मळमळ, जुलाब, अंगावर येणारा थकवा आणि घरखर्चाचा भार सोसावयास लावावे, तेव्हा तीन-चार जण वाचावयाचे. ऐंशी जण औषध न घेताही जगणारच होते, आणि पंधरा-सोळा घेऊनही जाणार. पण ते तीन-चार कोण, हे आधी कळत नाही. ज्याच्या घरात असा रोगी आहे, त्याला हा हिशेब किती निर्दय वाटतो हे आम्ही सांगावयास नको. ज्या ज्या लोकांनी गेल्या चाळीस वर्षांत काचपट्टीतून आणखी काही वाचता येते का म्हणून डोळे फोडले, ते या शंभरांची फोड करण्यासाठीच.

पेशींचा चेहरामोहरा पाहून गाठ किती उग्र हे ठरवण्याचा प्रयत्न तर जुनाच होता. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या ब्रॉडर्स यांनी १९२० साली ओठाच्या कर्करोगाच्या चार प्रती लावल्या होत्या, आणि तीच कल्पना पुढे आतड्याला लावली गेली. पण प्रतवारी म्हणजे मत. आणि दोन तज्ज्ञ एकाच काचपट्टीला दोन प्रती देतात, किंबहुना एकच तज्ज्ञ सकाळी एक व संध्याकाळी दुसरी देतो. १९८७ साली सेंट मार्क्समधीलच जास यांनी निराळीच गोष्ट पुढे आणली. गाठीकडे पाहू नका, गाठीच्या कडेला जमलेल्या पांढऱ्या पेशींकडे पाहा. शरीराने जेथे नेट धरला आहे, तेथे रोगी अधिक जगतो. पॅरिसच्या गालाँ यांनी २००६ साली या पेशी रंगवून मोजल्या, आणि २०१८ साली तेरा देशांतल्या रोग्यांवर त्या मोजणीचा पडताळा प्रसिद्ध झाला. त्यात अहमदाबादच्या कर्करोग संस्थेतले रोगीही होते, हे आवर्जून सांगितले पाहिजे.

दुसरी वाट वंशशास्त्राकडून आली. १८९५ साली मिशिगनमधल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईने विकृतिशास्त्रज्ञ वॉर्थिन यांना सांगितले, की आपल्या घराण्यात सगळे कर्करोगानेच जातात, आणि आपणही तशाच जाऊ. वॉर्थिन यांनी ते मनावर घेतले आणि १९१३ साली त्या घराण्याची वंशावळ छापली. बाईंचे भाकीत दुर्दैवाने खरे ठरले. या आनुवंशिक व्याधीला पुढे लिंच यांचे नाव मिळाले, आणि १९९३ साली तिच्या मुळाशी असलेला दोष हाती लागला : पेशी विभागताना जनुकांच्या प्रती काढण्यात ज्या चुका होतात, त्या दुरुस्त करणारी यंत्रणाच या गाठींत बिघडलेली असते. असा बिघाड आनुवंशिक नसलेल्या गाठींतही आढळतो. शंभर आतड्याच्या कर्करोगांत सुमारे पंधरांत. गंमत अशी, की दुसऱ्या टप्प्यात या गाठींचे रोगी इतरांपेक्षा बरे निघतात, जुन्या किमोथेरपीचा त्यांना लाभ होत नाही, आणि रोग पसरलाच तर प्रतिकारशक्ती मोकळी करणारी नवी औषधे त्यांनाच उत्तम लागू पडतात. म्हणजे हा बिघाड आहे की नाही हे प्रत्येकाचे तपासावयास हवे. पण तपासणीला पैसा लागतो आणि प्रयोगशाळाही. त्या सर्वत्र नसतात.

आता यंत्राकडे वळू. कृत्रिम बुद्धिमत्ता हा शब्द आजकाल इतक्या ठिकाणी चिकटवला जातो, की तो ऐकला म्हणजे आम्ही आधी खिसा चाचपतो. येथे त्याचा अर्थ मर्यादित आणि स्पष्ट आहे. काचपट्टीचे सूक्ष्म चित्र संगणकात उतरवले, की ते लाखभर ठिपके रुंद आणि तितकेच उंच असे प्रचंड होते. म्हणून त्याचे फरशीसारखे लहान चौकोन पाडतात. यंत्राला कोणताही नियम सांगत नाहीत. एक चौकोन दाखवावयाचा, त्याने उत्तर द्यावयाचे, उत्तर चुकले तर त्याच्या आतील हजारो-लाखो वजने किंचित सरकवावयाची, आणि पुढचा चौकोन दाखवावयाचा. पाढे न शिकवता नुसती उदाहरणे तपासून गणित शिकवावे, तसा हा प्रकार. जपानच्या फुकुशिमा यांनी दृष्टीच्या मज्जासंस्थेच्या रचनेवरून अशा जाळ्याची कल्पना १९८० साली मांडली होती. ती फळाला यावयास संगणकाचे बळ आणि चित्रांचे ढीग लागले, आणि तो योग २०१२ नंतर आला.

पुढची पावले भराभर पडली. हेलसिंकीत २०१८ साली ४२० रोग्यांच्या ऊतकाचे लहानसे ठिपके यंत्राला देऊन, त्याच ठिपक्यांवरून तज्ज्ञांनी दिलेल्या अंदाजापेक्षा यंत्राचा अंदाज सरस ठरला असे दाखवले गेले. जर्मनीत काथर आणि त्यांचे सहकारी यांनी २०१९ साली दोन गोष्टी केल्या. ८६ काचपट्ट्यांतले एक लाख चौकोन दाखवून गाठ, चरबी, स्नायू, श्लेष्मा असे नऊ प्रकार ओळखावयास यंत्राला शिकवले, आणि गाठीभोवतीच्या जोडऊतकातून भविष्य वाचता येते असे दाखवले. त्याच वर्षी त्यांनी अधिक धाडसी दावा केला. वर सांगितलेला जनुकदुरुस्तीचा बिघाड यंत्र नुसत्या निळ्या-गुलाबी चित्रावरून ओळखू शकते! महागडी तपासणी जे सांगते, ते दीडशे वर्षांच्या जुन्या रंगात आधीच लिहिलेले होते, वाचणारा नव्हता. हा दावा मोठ्या संख्येवर टिकला, आणि २०२२ साली फ्रान्समधील एका कंपनीच्या साधनाला युरोपात मान्यताही मिळाली. मात्र ते काम चाळणीचे आहे. ज्यांच्यात बिघाड नाही असे बाजूला काढावयाचे, उरलेल्यांची रीतसर तपासणी करावयाची.

आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे काम ऑस्लोचे. ते २०२० साली प्रसिद्ध झाले. त्या लोकांनी ८२८ रोगी असे निवडले, की ज्यांचा निकाल निःसंशय चांगला किंवा निःसंशय वाईट लागला होता. त्यांच्या काचपट्ट्यांचे १ कोटी २० लाखांहून अधिक चौकोन पाडून दहा जाळ्यांना शिकवले, मग मधल्या संदिग्ध रोग्यांवर त्यांची सांगड बसवली, आणि शेवटी, पद्धत आधी लिहून ठेवून, १,१२२ अनोळखी रोग्यांवर परीक्षा घेतली. यंत्राने ज्यांना वाईट गटात घातले त्यांचा या रोगाने मरण्याचा धोका चांगल्या गटाच्या ३.८४ पट निघाला. टप्पा, ग्रंथी वगैरे ठाऊक असलेल्या सगळ्या खुणांचा हिशेब बाजूला काढल्यावरही तो ३.०४ पट उरला. म्हणजे ड्यूक्स यांच्या अक्षरांत नसलेले काहीतरी यंत्राला दिसले.

काय दिसले? येथेच सगळे अडते. यंत्र कारण सांगत नाही. पंचांगाने मुहूर्त सांगावा, पण ग्रहगणित दाखवू नये, तसे हे झाले. या बाबतीत आम्हांला ऑस्लोपेक्षाही ऑस्ट्रियातील ग्राझच्या काचपट्ट्यांवर गूगलच्या संशोधकांनी केलेले, २०२१ साली प्रसिद्ध झालेले काम अधिक मोलाचे वाटते. त्यांनी यंत्राला विचारले नाही. त्याने वाईट ठरवलेले चौकोन सारखेपणाने गटागटांत लावले आणि माणसांपुढे ठेवले. एका गटाने सर्वांचे लक्ष वेधले : उग्र, विस्कळीत कर्कपेशी, आणि त्यांना अगदी खेटून चरबी. ही खूण कोणत्याही पुस्तकात या रूपाने नव्हती. ती माणसांना शिकवली, तेव्हा त्यांना ती शेकडा ८७ ते ९५ इतक्या अचूकपणे ओळखता येऊ लागली. आणि पुढे विकृतिशास्त्रज्ञांनी यंत्राविना, साध्या डोळ्यांनी, ती वापरून पाहिली.

चरबी आली कोठून? आतड्याच्या भिंतीबाहेरची ती. भिंत फुटून गाठ चरबीत उतरली, की ड्यूक्स तिला बी म्हणत. ड्यूक्स यांनी उतरली की नाही एवढेच विचारले होते. यंत्राने ती कशा अवस्थेत उतरली हे विचारले. नव्वद वर्षांनी प्रश्न त्याच जागी, पण एक पायरी खाली गेला.

यंत्राचे दोष सांगितले नाहीत तर ही जाहिरात होईल. अमेरिकेतील एका मोठ्या चित्रसंग्रहावर २०२१ साली असे दाखवले गेले, की यंत्र काचपट्टी पाहून ती कोणत्या रुग्णालयातली हेच आधी ओळखते. कारण प्रत्येक ठिकाणी रंग थोडा निराळा चढतो, काप थोडा निराळा पडतो. आता एखाद्या रुग्णालयात अत्यवस्थ रोगीच जास्त येत असतील, तर यंत्र गाठ न वाचता रुग्णालय वाचून भाकीत करील आणि शाबासकी घेईल. पाश्चात्त्य रोग्यांवर शिकलेले यंत्र जपानी रोग्यांच्या जठराच्या कर्करोगावर लावले तेव्हा त्याची अचूकता उतरली, हे काथर यांनी स्वतःच नोंदवले आहे.

आपल्याला याचे सोयरसुतक आहे. मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले, तेव्हा त्याच्या प्रयोगशाळांची घडी लंडनला शिकून आलेल्या डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी बसवली. आपल्या देशातील कर्करोग विलायतेतल्या पुस्तकाबरहुकूम वागत नाही, तो येथल्या लोकांत, येथल्या सवयींत तपासला पाहिजे, ही दिशा त्यांच्याच कामाने दिली. आतड्याच्या कर्करोगाबाबत त्याच रुग्णालयाच्या नोंदी सांगतात, की आपल्याकडे हा रोग कमी असला तरी रोगी पाश्चात्त्यांपेक्षा तरुण असतात, आणि ज्यांतल्या पेशी खड्याच्या अंगठीसारख्या दिसतात अशा उग्र गाठींचे प्रमाण येथे अधिक आहे. ऑस्लोच्या वा हायडेलबर्गच्या काचपट्ट्यांत अशा गाठी थोड्या. थोडे पाहिलेल्याला थोडेच कळते, मग तो माणूस असो की यंत्र. येथले मेणाचे ठोकळे, त्यांच्या मालकांचे पुढे काय झाले या नोंदींसह, यंत्रापुढे आल्यावाचून त्याच्या भाकितावर येथे विसंबणे धोक्याचे आहे.

दुसरी गोष्ट अशी, की ऑस्लोचे काम मागे वळून केलेले आहे. रोग्यांचा निकाल आधीच लागलेला होता. काचपट्ट्या कपाटातून निघाल्या. यंत्राच्या सांगण्यावरून एखाद्याची किमोथेरपी टाळली आणि त्याचे वाईट झाले नाही, असे त्यातून सिद्ध होत नाही. तशी सिद्धता कशी असते, हे ऑस्ट्रेलियातील एका प्रयोगाने २०२२ साली दाखवले. दुसऱ्या टप्प्यातील ४५५ रोग्यांपैकी काहींच्या बाबतीत, शस्त्रक्रियेनंतर रक्तात गाठीचे जनुकद्रव्य उरले आहे का हे पाहून औषध ठरवले, बाकीच्यांचे नेहमीच्या रीतीने. औषध घ्यावे लागणारे शेकडा २८ वरून १५ वर आले, आणि रोग उलटण्याचे प्रमाण वाढले नाही. काचपट्टी वाचणाऱ्या यंत्राला हीच परीक्षा द्यावी लागेल.

आणि शेवटी एक अगदी साधी बाब, जी यंत्राच्या हातची नाही. काचपट्टीवर जे चढले तेच यंत्राला दिसते. चरबीत बोटे घालून, चिमटीत मटारासारखी, कधी मोहरीसारखी लागणारी ग्रंथी शोधावी लागते ती माणसालाच, ड्यूक्स शोधीत तशी. निदान १२ ग्रंथी तपासल्याखेरीज, ग्रंथी मोकळ्या आहेत असे म्हणू नये, असा आज सर्वमान्य दंडक आहे. हा आकडा प्रत्येक अहवालात छापलेला असतो. तो पाच किंवा सहा असेल आणि खाली दुसरा टप्पा असे लिहिलेले असेल, तर उरलेला तुकडा पुन्हा तपासता येईल का, हे रोग्याच्या माणसांनी विचारावे. तो तुकडा आणि मेणाचे ठोकळे काही काळ तरी जपून ठेवलेले असतात.